३१ डिसेंबरच्या रात्री तुमचा मेसेज पोचतो, त्यामागे शंभर वर्षांपूर्वीच्या एका डॅनिश मास्तराचं गणित आहे

३१ डिसेंबरची रात्र. बारा वाजतात आणि अख्खा देश एकाच मिनिटाला फोन हातात घेतो. शाळेचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावशी, बॉस, आणि जिच्याशी चार महिने बोलणं बंद आहे तिलाही एक हॅपी न्यू इयर जातंच. थोडं मागेपुढे होतं, पण मेसेजखाली दोन टिक येतात. कुणी म्हणत नाही, की अरे वा, कोट्यवधी लोक एकदम तुटून पडले तरी सिस्टीम उभी आहे.

ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हॉट्सअॅपचा सर्व्हरवरचा कारभार चालतो तिचं नाव एर्लांग. हे एका माणसाचं आडनाव आहे. योगायोग बघा, त्या माणसाचा वाढदिवससुद्धा १ जानेवारीला असतो. त्याने आयुष्यात कधी कॉम्प्युटर पाहिला नाही. तो गेला १९२९ साली. त्याने पाहिलं होतं ते टेलिफोन एक्स्चेंज, आणि त्यात अडकलेले, वैतागलेले, लाइन मिळत नाही म्हणून खोळंबलेले लोक.

अॅग्नर क्रारुप एर्लांग असं त्याचं पूर्ण नाव. जन्म १८७८ चा, डेन्मार्कच्या युटलँड भागातल्या लोनबोर्ग नावाच्या खेड्यातला. वडील गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचं कारकुनी काम बघणारे. आई पाद्री घराण्यातली. तिच्या माहेरच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके नावाचा सोळाव्या शतकातला गणिती होता. शाळेत त्रिकोणमिती शिकताना ज्या टॅन्जंट आणि सीकंट या शब्दांनी तुम्हाला घाम फोडला, ते शब्द रूढ करणारा हाच. म्हणजे रक्तातच होतं म्हणायला जागा आहे.

पोरगं शांत होतं. मारामाऱ्यांपेक्षा पुस्तकात रमणारं. संध्याकाळी मोठा भाऊ टेबलाशी पुस्तक घेऊन वाचायला बसला की अॅग्नर त्याच्या समोर बसायचा आणि तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. भावाला अक्षरं सरळ, याला उलटी. तरी त्याचं काही अडत नसे. ताऱ्यांचं वेड तर इतकं की खगोलशास्त्रावर कविता करायचा.

चौदाव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा द्यायला गेला. वय कमी होतं म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षा उत्तम गुणांनी पास झाला आणि पुन्हा गावी आला. आल्यावर दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं आणि जोडीला फ्रेंच आणि लॅटिन शिकला. मग हिलरॉडच्या शाळेत राहून १८९६ साली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. घरची परिस्थिती बेताची होती, पण शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०१ साली गणित हा मुख्य विषय घेऊन तो पदवीधर झाला. खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे जोडविषय.

आता एवढा हुशार माणूस पुढे काय करतो? तर मास्तरकी. सलग सात वर्षं एर्लांग वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवत राहिले. मध्ये हायगेन्स या जुन्या डच शास्त्रज्ञाच्या गणितावर निबंध लिहिला, त्याला विद्यापीठाने गौरवलं. पण नोकरी बदलली नाही. सगळं असंच चालू राहिलं असतं तर एर्लांग हे नाव युटलँडबाहेर कुणाला कळलं नसतं.

ते कळलं एका कट्ट्यामुळे. डेन्मार्कच्या गणितज्ञांची एक संघटना होती आणि एर्लांग तिच्या बैठकांना नेमाने जायचे. तिथे त्यांची गाठ पडली योहान येन्सन यांच्याशी. हा माणूसही भारी होता. गणितात आजही येन्सनची असमानता म्हणून जी शिकवतात ती यांचीच, पण पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनीअर होते. दिवसभर टेलिफोन, उरलेल्या वेळात गणित. येन्सननी या मास्तराला आपल्या कंपनीचे प्रमुख फ्रिट्स योहान्सन यांच्याशी जोडून दिलं. योहान्सन स्वतः एक्स्चेंजमधल्या गर्दीचा हिशोब मांडायच्या खटपटीत होते आणि त्यांना पक्का गणिती हवा होता. १९०८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, एर्लांग कंपनीत रुजू झाले. पुढची वीस वर्षं तिथेच.

काम काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

तेव्हाचा टेलिफोन म्हणजे तुम्ही रिसीव्हर उचलायचा, एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई विचारणार कोण हवंय, आणि ती हाताने कॉर्ड खोचून तुमची लाइन समोरच्याच्या लाइनला जोडणार. आता समजा एका भागात हजार फोन आहेत आणि तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला लाइन टाकायच्या आहेत. किती टाकायच्या? हजार टाकल्या तर कंपनी बुडेल, कारण हजार जण एकाच वेळी कधीच बोलत नाहीत. पाच टाकल्या तर लोक शिव्या घालतील. सत्य मधे कुठेतरी आहे, पण नेमकं कुठे?

तोवर कंपन्या हे अंदाजाने ठरवत. तक्रारी वाढल्या की चार लाइन जास्त टाकायच्या. तांब्याची प्रत्येक तार पैसे खाते, आणि जोडला न गेलेला प्रत्येक कॉल गिऱ्हाईक घालवतो. डॉक्टरला लागलेला फोन असेल तर माणूसही घालवतो.

एर्लांग यांनी आधी एक साधा प्रश्न घेतला. लोक फोन नेमके कधी करतात? उत्तर असं की कुणी कधीही करतं. हजार माणसं एकमेकांना न विचारता, आपापल्या कारणाने फोन उचलतात. मग या गोंधळात काही नियम असेल का? १९०९ साली त्यांनी शोधनिबंध लिहून दाखवून दिलं की असतो. पॉयसाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेलं एक वितरण या कॉलना तंतोतंत लागू पडतं. (याच वितरणाने त्याआधी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मरतात याचा हिशोब लागला होता. गणिताला कशाचंही वावडं नसतं.) कुणाचा फोन कधी येईल ते सांगता येत नाही, पण एका तासात सरासरी शंभर येत असतील, तर एकशेवीस येण्याची शक्यता किती, एकशेपन्नास येण्याची किती, हे कागदावर मांडता येतं.

पण हे झालं अर्धं उत्तर. कॉल येतो तसा तो संपतोही. कुणी अर्ध्या मिनिटात ठेवतं, कुणी वीस मिनिटं गप्पा हाणतं. मग कुठल्याही क्षणी किती लाइन अडकलेल्या असतील?

यावर त्यांनी १९१७ साली जे उत्तर दिलं त्याने त्यांचं नाव झालं. त्यातली युक्ती एखाद्या शाळकरी पोरालाही कळेल अशी आहे. अडकलेल्या लाइनची संख्या म्हणजे जिना समजा. नवा कॉल आला की एक पायरी वर, कॉल संपला की एक पायरी खाली. दिवसभर ही चढउतार चालू. आता चौथी आणि पाचवी पायरी घ्या. चारवरून पाचवर जितक्या वेळा चढणं होईल, तितक्याच वेळा पाचवरून चारवर उतरणंही होणार, फार तर एकाचा फरक. प्रत्येक पायरीचा असा हिशोब मांडला की जिन्याच्या कुठल्या पायरीवर किती वेळ जातो ते निघतं. सगळ्यात वरच्या पायरीवर जितका वेळ जातो तितका वेळ सगळ्या लाइन भरलेल्या, आणि त्या वेळात आलेला नवा कॉल गेला कचऱ्यात.

आकड्यात बघू. तासाला १०० कॉल, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. म्हणजे तासात ३०० मिनिटांचं बोलणं, म्हणजे सरासरी ५ लाइन कायम अडकलेल्या. मग ५ लाइन पुरतील ना? एर्लांगचं सूत्र सांगतं, ५ लाइन टाकल्यात तर शंभरातले २८ कॉल लागणारच नाहीत. १० टाकल्या तर साधारण २ लागणार नाहीत. शंभरात एकापेक्षा कमी हवे असतील तर ११ लाइन लागतील. सरासरीवर विसंबला तो बुडाला, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत तोवर टेलिफोनवाल्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

पुढची गोष्ट त्याहून भारी. गाव मोठं झालं, बोलणं दहापट वाढलं. आता लाइन किती? कुणीही म्हणेल, अकरा दाहे एकशेदहा. सूत्र म्हणतं ६४. गर्दी जितकी मोठी तितकी ती एकमेकांना सांभाळून घेते, एकाचं संपतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं. दहा छोटी एक्स्चेंज वेगवेगळी चालवण्यापेक्षा एक मोठं चालवणं का परवडतं, ते इथे कळतं. आज कंपन्या आपापले सुटे सर्व्हर ठेवण्याऐवजी एका मोठ्या क्लाऊडमध्ये जागा भाड्याने घेतात, त्यामागे इतर कारणं आहेतच, पण हा हिशोबही आहे.

त्याच निबंधात त्यांनी दुसरं सूत्रही दिलं. लाइन भरलेली असताना कॉल टाकून न देता रांगेत उभा केला तर किती थांबावं लागेल, याचं. सगळ्यात सोपा प्रकार घेऊ, एकच काउंटर आणि एकच रांग. काउंटर निम्मा वेळ मोकळा असेल तर माणसाला स्वतःच्या कामाच्या दुप्पट वेळ लागतो. काउंटर ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर पाचपट. ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. बघा, ९० वरून ९५ म्हणजे काम जरासंच वाढलं, पण रांग दुप्पट झाली. एखादी वेबसाइट सकाळभर व्यवस्थित चालते आणि गर्दी थोडीशी वाढताच एकदम मान टाकते, ते यामुळेच. सर्व्हर हळूहळू आजारी पडत नाही, तो कड्यावरून पडतो. म्हणून शहाणे इंजिनीअर सर्व्हर शंभर टक्के कधीच वापरत नाहीत, बॉस पैसे वाया चाललेत म्हणून कितीही ओरडला तरी.

हे सगळं वाचून एर्लांग एसी केबिनमध्ये बसून कागद रंगवत असतील असं वाटेल. तसं नव्हतं. कंपनीने त्यांना प्रयोगशाळेचं प्रमुख केलं खरं, पण सुरुवातीला हाताखाली माणूसच नव्हता. जमिनीखालच्या केबलमध्ये कुठून भरकटलेली वीज शिरते ते मोजायचं होतं. मग हा गणिती कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरायचा, सोबत शिडी घेतलेला एक कामगार. मॅनहोलचं झाकण उघडायचं, शिडी लावायची, आत उतरायचं, मोजमाप घ्यायचं.

माणूस म्हणून ते अबोल होते. लग्न केलं नाही. पगाराचा बराच पैसा पुस्तकांवर जाई. गणित, खगोल, भौतिकशास्त्र होतंच, शिवाय इतिहास, तत्त्वज्ञान, कविता. उरलेला पैसा कुठे जायचा ते सहकाऱ्यांना माहीत होतं. अडलेनडलेले लोक थेट प्रयोगशाळेत यायचे आणि एर्लांग गाजावाजा न करता त्यांच्या हातात काहीतरी ठेवायचे. वीस वर्षं लाइनसाठी थांबणाऱ्यांचा हिशोब मांडणाऱ्या माणसाच्या दारात अशीही एक रांग लागायची.

त्यांच्या सूत्राची कीर्ती तोवर डेन्मार्कबाहेर गेली होती. ब्रिटिश पोस्ट ऑफिस, म्हणजे तेव्हा इंग्लंडचे टेलिफोन चालवणारं खातं, आपल्या लाइनचा हिशोब याच सूत्रावर करू लागलं. निबंध इतर भाषांत गेले. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतला एक संशोधक तर ते मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला असं सांगतात.

वीस वर्षांत एर्लांग यांनी आजारपणाची सुट्टी जवळपास घेतलीच नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी ते दवाखान्यात दाखल झाले. ३ फेब्रुवारी १९२९ ला गेले. वय ५१.

पुढे १९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने वाहतूक मोजण्याच्या एककाला त्यांचं नाव दिलं. एक लाइन तासभर सलग अडकून राहिली तर तो एक एर्लांग. वरच्या उदाहरणातलं गाव म्हणजे ५ एर्लांगचं गाव. एसटीडी बूथच्या जमान्यात, या मार्गावरच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत असं सांगणारा तो बाईचा आवाज आठवतो? तो ऐकू आला तेव्हा तुम्ही त्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन धडकला होता.

आता भाषेची गोष्ट. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिघे एका वेगळ्याच डोकेदुखीवर काम करत होते. लाइन किती हव्यात ते एर्लांगने सांगितलंय, पण एक्स्चेंज आता सॉफ्टवेअरवर चालणार होतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये चुका असतातच. एका कॉलमध्ये गडबड झाली म्हणून बाकी हजारो कॉल तुटता कामा नयेत. एक्स्चेंज वर्षानुवर्षं बंद करता येत नाही, दुरुस्तीसुद्धा चालू गाडीत करायची.

त्यांनी यासाठी नवी भाषाच बनवली. तिचा विचार असा, की प्रत्येक कॉलचं काम एका छोट्या, स्वतंत्र प्रोसेसला द्यायचं. या प्रोसेस एकमेकींच्या मेमरीला हात लावत नाहीत, फक्त निरोप पाठवतात. एखादी कोसळली तर कोसळू द्यायची. तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रोसेस असते, ती लगेच नवी उभी करते. चूक होणारच नाही असं कुणी गृहीत धरत नाही. चूक झाली तर ती शेजाऱ्याच्या घरात शिरणार नाही एवढं बघायचं. एका मशीनवर चालणारं हे दहा मशीनवर पसरवलं तरी निरोपांची पद्धत तीच. या भाषेला त्यांनी डॅनिश गणितज्ञाचं नाव दिलं. एरिक्सन लँग्वेज याचंही ते छोटं रूप होतं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

कंपनीचं प्रेम मात्र टिकलं नाही. १९९८ साली एरिक्सनच्या एका विभागाने नव्या उत्पादनांत ही भाषा वापरायला बंदी घातली. त्याच वर्षाच्या शेवटी भाषा सगळ्या जगासाठी मोफत खुली करण्यात आली. बंदी आली नसती तर कदाचित ती एक्स्चेंजच्या कपाटातच राहिली असती.

व्हॉट्सअॅप २००९ साली सुरू झालं तेव्हा त्यांना नेमकं हेच हवं होतं. लाखो लोक एकाच वेळी जोडलेले, प्रत्येकाचं बोलणं वेगळं. टेलिफोन एक्स्चेंजच की, फक्त तारा गेल्या. २०१२ सालापर्यंत त्यांनी एका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त फोन जोडून दाखवले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला तेव्हा दरमहा ४५ कोटी लोक व्हॉट्सअॅप वापरत होते, आणि इंजिनीअर होते फक्त ३२.

पण एर्लांग यांच्या सूत्राला दोन जागी ठेच लागते, तेही सांगायला हवं. पहिली, सूत्र धरून चालतं की लाइन मिळाली नाही तर माणूस मुकाट निघून जातो. माणूस जात नाही. तत्काळचं तिकीट काढताना पेज उघडलं नाही तर तुम्ही काय करता? रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. त्याने आधीच वाकलेल्या सर्व्हरवर आणखी ओझं पडतं. अॅप तर माणसापेक्षा उतावळं असतं, सेकंदाला दहादा प्रयत्न करेल. म्हणून आजच्या अॅपना शिकवावं लागतं की एकदा नाही म्हटलं तर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, आणि सगळ्यांनी मिळून एकदम परत येऊ नका, थोडं पुढेमागे या.

दुसरी ठेच म्हणजे, सूत्र धरून चालतं की लोक एकमेकांना न विचारता, आपापल्या वेळी फोन करतात. वर्षातले बहुतेक दिवस हे खरं असतं. बरोबर बाराच्या ठोक्याला ते खोटं ठरतं, कारण तेव्हा सगळ्यांचं घड्याळ एकच असतं. अशा वेळी सर्व्हर मेसेज टाकून देत नाही, रांगेत लावतो, आणि म्हणून ३१ डिसेंबरला तुमची दुसरी टिक जरा उशिरा येते. तोवर एर्लांग यांचा वाढदिवस सुरू झालेला असतो.